पोळ्याच्या रांगेतला रणगाडा

सोनगीरच्या पुढे हायवे सोडून आत गेलं की जे गाव लागतं, तिथे माणसं कधी रांग लावत नाहीत. रेशनला नाही, नळाला नाही, मतदानाला तर नाहीच. पोळ्याला मात्र बैलांची रांग लागते आणि ती कोणी मोडत नाही. गावदरवाजातून मारुतीच्या पारापर्यंत कोणाची जोडी कितवी जाणार हे कोणी ठरवलं ते कोणाला सांगता येत नाही, पण कोण कितवा हे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. तिसरी जागा झुलालनानांची. चौथी त्यांचा पुतण्या गिरधर याची.

झुलालनाना वारले. त्यांचा एकुलता मुलगा वाल्मीक धुळ्याला आयटीआयमध्ये फिटरचा निदेशक होता, म्हणजे लोखंडाचा तुकडा कानशीने घासून आणखी लहान कसा करावा हे तो मुलांना शिकवत असे. शेत गिरधरला बटाईने गेलं, बैल धुळ्याच्या बाजारात गेले. राहिली ती रांगेतली जागा. तिचा नियम असा की सलग तीन पोळे ती रिकामी गेली, तर मागचा पुढे सरकतो. आणि मागचा गिरधर होता. पहिल्याच पोळ्याला तो भिकुबाईंच्या, म्हणजे वाल्मीकच्या आईच्या, ओट्यावर येऊन पाटावरचे मातीचे बैल बघू लागला. ज्याच्या घरी बैल नाहीत तो मातीचे पुजतो. यात कमीपणा काही नाही, असं ज्यांच्या घरी बैल आहेत ते नेहमी सांगतात.

"काकू, चांगला शेतस बैल," गिरधर म्हणाला. "चारा नही लागस, पानी नही लागस. फक्त चालता येत नही."

तो पोळा नानांच्या दुखवट्यात गेला. त्यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. पण गिरधरचं ते बोलणं आईने धुळ्याला आल्यावर वाल्मीकला जसंच्या तसं ऐकवलं, आणि वाल्मीक जेवता जेवता थांबला.

"जोडी घेऊ," तो म्हणाला.

"बांधू कुठे?" लताबाई, त्याची बायको, म्हणाल्या. "आपण दुसऱ्या मजल्यावर राहतो. खालच्या कुलकर्णींना झाडाच्या कुंडीचाही त्रास होतो."

वाल्मीकने मग दुसऱ्या बाजूने विचार केला. आबांचा नियम त्याला पाठ होता. उखर्डू आबा गावातले सगळ्यात म्हातारे, पोळ्याला दरवाजाशी खाट टाकून बसायचे आणि त्यांनी मान हलवली की जोडी आत जायची. नियम एवढाच की घरचं जित्राब स्वतःच्या पायांनी चढ चढून दरवाजातून गेलं पाहिजे, आणि एकदा अंगावर चढवलेला साज पाराला पोचेपर्यंत उतरवायचा नाही. साज उतरला तर बैल रांगेतून गेला. जित्राबाला मांस आणि हाडं असावीत असं मात्र आबांनी कधी म्हटलेलं नव्हतं.

यांत्रिक बैल करावा असंही त्याच्या मनात आलं. पण चार पाय म्हणजे चार भानगडी. त्यात गाव पांढरीवर वसलेलं, दरवाजाचा चढ पांढऱ्या मातीचा, आणि भादव्याच्या तोंडावर ती माती साबणासारखी होते. चाकं तिथे फिरतात आणि गाडी जागेवर राहते. तेव्हा त्याला चाळीसगावचं स्टेशन आठवलं. एकाहत्तर साली मामाकडे असताना त्याने तिथे उघड्या वॅगनींवर ताडपत्री झाकलेले रणगाडे उभे राहिलेले पाहिले होते. एका जवानाने त्याला पट्ट्याला हात लावू दिला होता. हे चिखलात रुततं का, असं त्याने विचारलं, तर जवान म्हणाला, रुतण्यासाठी हे बनवलेलंच नाही. एवढं बोलणं अठरा वर्षं पुरलं.

पहिला रणगाडा लाकडी होता. पेटीएवढा, सायकलच्या चेनींचे पट्टे आणि मागे लांब वायरीवर बटणांचा डबा. तो धुळ्याच्या स्टँडवर एसटीत चढवताना कंडक्टरने विचारलं, "हे काय?"

"रणगाडा."

"जिवंत आहे?"

"नाही."

"मग लगेज. जिवंत असता तर अर्धं तिकीट फाडलं असतं."

पोळ्याला तो तिसऱ्या जागेवर उभा राहिला. पोरं हसली, मोठी माणसं गंभीर राहिली, जे जास्त वाईट. चढाच्या पायथ्याशी मागून गिरधरच्या बैलाने वायरीवर पाय दिला. वायर तुटली. वाल्मीकने गुडघ्यावर बसून ती जोडली. मग चेनींमध्ये पांढरी माती भरली आणि डावी चेन उतरली. त्याने हाताने ढकलायला सुरुवात केली तेव्हा उखर्डू आबांनी काठी आडवी धरली.

"ढकलीसन नही चालाव, भो. ढकलनं व्हतं तर नानानी बैलगाडी भी ढकली देतूत."

परतीच्या एसटीत तोच कंडक्टर होता.

"चालला का?"

"नाही."

"मग टपावर टाका."

वाल्मीकने तो टपावर टाकला आणि सोनगीरपासून धुळ्यापर्यंत खिडकीबाहेर बघत मनात तीन गोष्टी ठरवल्या. वायर नको. चेन नको. आणि पेटीएवढा नको, मोठा हवा, म्हणजे हसणाऱ्याला जरा लांब उभं राहावं लागेल.

पुढचं वर्ष कुलकर्णींना कठीण गेलं. आग्रा रोडच्या भंगारवाल्यांकडून वाल्मीकने मोडीत निघालेल्या ट्रकांच्या वायपर मोटारी आणल्या. लताबाईंच्या भावाची डाळमिल होती, तिथला जुना रबरी पट्टा आणला आणि त्यावर लोखंडी पट्ट्या आडव्या बोल्टने बसवल्या, अशा की एकीची माती दुसरीने खरवडून टाकावी. केळीच्या बागेत घालतात त्या काळ्या नळीचे तुकडे कापून चाकांना मोजे घातले. तेलाच्या डब्यांचे पत्रे ठोकून अंग केलं. तोफेला बोअरचा पाइप. वरचा बुरूज फिरत होता, त्याचा चढण्याशी काहीच संबंध नव्हता, पण फिरत होता. पोटात ट्रकची बॅटरी. सगळं मिळून ते रेडकाएवढं झालं आणि रेडकापेक्षा जड.

"हा फिरणारा भाग कशाला?" लताबाईंनी विचारलं.

"तो नसला तर ट्रॅक्टर वाटेल."

"आणि ट्रॅक्टर वाटला तर?"

"ट्रॅक्टर सगळ्यांकडे आहे."

लताबाईंनी रंगाच्या दुकानातून उरलेला हिरवा रंग आणून दिला.

बिनतारीचं काम मात्र वाल्मीकच्या हातचं नव्हतं. त्यासाठी तो जळगावला रतिलालकडे जात राहिला. रतिलाल रेडिओ दुरुस्त करायचा आणि सगळ्या रेडिओंवर नाराज असायचा. त्याने एका मासिकातला आराखडा घेऊन सेट बांधला, पण त्याचा संदेश खोलीच्या बाहेर पोचेना. पोचला, तर शेजारच्या शेडमध्ये वेल्डिंग सुरू झालं की रणगाडा आपोआप उजवीकडे वळायचा.

"याला वेल्डिंगची सवय करावी लागेल," रतिलाल म्हणाला.

"गावात वेल्डिंग नाही. मला लांब पाहिजे."

"किती लांब?"

"मारुतीच्या पारावर मी उभा, आणि हा दरवाजाबाहेरून चढून येतोय. सगळ्या गावाने बघितलं पाहिजे की माझा हात लागलेला नाही."

रतिलालने सगळे सुटे भाग काढून परत बसवले. रणगाड्यावर उंच एरियल लावली, अंगापासून वेगळी राहावी म्हणून तळाशी वीज न वाहू देणाऱ्या बॅकेलाइटची बैठक दिली. आयटीआयच्या मैदानावर वाल्मीक एका गोलपोस्टशी उभा राहिला आणि दुसऱ्या गोलपोस्टशी रणगाडा डौलात वळला. रतिलालने प्रथमच एखाद्या यंत्राकडे बघून मान डोलावली. वाल्मीकने तरी आणखी महिनाभर पाण्यात, चिखलात, विटांवरून तो चालवला. पट्टे घट्ट केले, सैल केले, परत घट्ट केले. मोटारींना सायकलच्या ट्यूबचे टोप घातले. जे बिघडेल असं त्याला वाटलं, ते सगळं त्याने बिघडवून दुरुस्त केलं.

त्याला सुचलं नाही ते एकच. सरावात रणगाड्याला कोणी साज घातला नव्हता.

रणगाडा टेम्पोने गावात आला आणि पोळ्याच्या सकाळी भिकुबाईंनी त्याचे पाय धुतले. ट्यूबच्या टोपांनी पाणी आत येऊ दिलं नाही. त्यांनी हळदकुंकू लावलं, पुरणपोळीचा घास तोफेच्या तोंडाशी ठेवला, पाठीवर नानांच्या थोरल्या बैलाची झूल घातली. मग त्यांना एरियल दिसली.

"एकच शिंग शे का ह्याले?"

"आई, ते शिंग नाही."

"मंग काय शे?"

वाल्मीक उत्तर जुळवत होता तोवर त्यांनी ट्रंकेतून पितळेची शेंबी आणून त्या टोकावर चढवलीही. थोरल्या बैलाच्या उजव्या शिंगावरची. तिच्यापासून घुंगरांची पितळी साखळी खाली लोंबत होती. वाल्मीकने बटण दाबून बघितलं. रणगाडा ओट्यासमोर पुढे सरकला. ठीक आहे, असं त्याला वाटलं. तो ओट्यावर, रणगाडा समोरच उभा, तेव्हा ठीकच असणार.

वाजंत्री लागली. दोन जोड्या आत गेल्या. वाल्मीक ठरल्याप्रमाणे मारुतीच्या पारावर चढला, सेटची एरियल ओढून लांब केली आणि बटण दाबलं. दरवाजाबाहेर चढाच्या पायथ्याशी रणगाडा झूल घालून उभा होता. उभाच राहिला.

त्याने परत दाबलं. बुरूजही हलला नाही.

"मास्तर," रणगाड्याच्या मागून गिरधरने हाक मारली, आपल्या जोडीचे कासरे धरून. "याले झोप लागनी का? आम्ही बाजूनं जाऊ का?"

वाल्मीक पारावरून उतरला, दरवाजातून खाली धावत आला आणि दूरवरूनच त्याला कळलं. घुंगरांची साखळी खाली येऊन पत्र्याच्या अंगाला टेकली होती. बॅकेलाइटची बैठक, रतिलालचे सगळे महिने, सगळं त्या साखळीने एरियल पत्र्याशी जोडून वाया घालवलं होतं. एरियल आता लांबचं ऐकणारी एरियल राहिली नव्हती, शिंग झाली होती.

शेंबी काढायला क्षणभर लागला असता. त्याचा हात तिथपर्यंत गेला. खाटेवरून उखर्डू आबा बघत होते.

"काय करी राहिना?" आबांनी विचारलं.

"काही नाही, आबा."

"साज उतारना का?"

"नाही."

"मंग चाल."

त्याने हात मागे घेतला. गिरधर एक पाऊल पुढे आला होता, त्याचे बैलही. वाल्मीकने पायातल्या चपला काढून भिंतीकडे भिरकावल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि रणगाड्याच्या उजव्या अंगाला, बैलाच्या खांद्याशी माणूस चालतो तसा जाऊन उभा राहिला. सेटची लांब एरियल त्याने शेंबीजवळ नेली, आणखी जवळ नेली, पितळेला जवळजवळ टेकवली आणि बटण दाबलं.

रणगाडा हलला.

चढावर पट्ट्यांनी माती खरवडायला सुरुवात केली. पांढरा चिखल मागे उडाला आणि गिरधरच्या सदऱ्यावर बसला. मध्यावर डावा पट्टा घसरला. वाल्मीकचाही पाय घसरला, तो एका गुडघ्यावर आला, एरियल शेंबीपासून दूर गेली आणि रणगाडा तिथेच थांबला. मागे आला नाही. वायपर मोटारी भाराने उलट्या फिरत नाहीत, तेवढ्या कामाच्या. वाल्मीक उठला, एरियल परत टेकवली. डावं बटण, मग दोन्ही. लोखंडी पट्ट्यांना खालचा जुना दगड सापडला. एक कुरकुर झाली, तोंड वर उचललं गेलं, पुरणपोळीचा घास तोफेतून खाली पडला आणि रणगाडा दरवाजाच्या उंबऱ्यावरून घुंगरं वाजवत आत गेला. बाजूने वाल्मीक, हातातला धातूचा दांडा त्याच्या शिंगाला लावून, चिखलाने मांड्यांपर्यंत भरलेला.

कोणी हसलं नाही. एक म्हातारी म्हणाली, "कासरा ताठ शे पोराना."

गिरधरने सदऱ्यावरचा चिखल बोटाने पुसला आणि खाटेकडे बघितलं. "आबा, हायी काय बैल शे का?"

"ढकला का त्यानी?"

"नही."

"साज उतारा का?"

"नही, पन..."

"मंग तू चवथा शे," आबा म्हणाले. "चाल."

पारापाशी भिकुबाईंनी रणगाड्याला ओवाळलं आणि वाल्मीकलाही, कारण दोघांत आता फारसा फरक दिसत नव्हता. सगळी रांग आत आल्यावर आबा काठी टेकत तिथपर्यंत आले. त्यांनी रणगाड्याभोवती एक फेरी मारली, पत्र्यावर काठीने वाजवून बघितलं.

"तिसरी जागा नानानी राह्यनी," ते म्हणाले. वाल्मीकने श्वास सोडला. "पन रांग जोडीनी शे, भो. यंदा एकला उना, जाऊ दिधा. पुढला पोयाले दुसरा लागी."

गिरधर पहिल्यांदा मनापासून हसला. वाल्मीकही हसेल असं लोकांना वाटलं होतं. तो मान खाली घालून पट्ट्यांमधली माती काडीने काढत होता. वायपर मोटारी अजून दोन मिळतील. डाळमिलचा पट्टा अर्धा उरला होता.

पुढच्या रविवारी तो जळगावला रतिलालच्या दुकानात उभा होता.

"सेट एकच आहे," रतिलाल म्हणाला. "दुसऱ्याला वेगळ्या लहरीचा क्रिस्टल लागेल, वेगळा सेट. एकाच सेटवर दोन्ही ठेवले तर अडचण होईल."

"काय अडचण?"

"एक वळला की दुसराही वळेल. एक थांबला की दुसराही थांबेल. वेगळं काही करताच येणार नाही त्यांना."

वाल्मीकने काउंटरवरचा उघडा रेडिओ बाजूला सारला.

"म्हणजे जू," तो म्हणाला. "तसंच ठेव. आणि रतिलालभाऊ, दोन शेंब्या धरून हिशेब कर. साखळीसकट."