नवी पेठेच्या पलीकडे

"अव्वा, पाय ठेव की नुसता! जिना आपोआप नेतो वर."

श्रीदेवीने आईचा दंड धरला होता. पण मॉलमधल्या त्या सरकत्या जिन्यापाशी सुंदरम्मा खिळल्यासारखी उभी होती. जमिनीतून पायऱ्या निघत होत्या आणि वर जाऊन नाहीशा होत होत्या. मागे माणसं खोळंबली. "आजी, जरा बाजूला व्हा ना," कुणीतरी म्हणालं. ती लगेच बाजूला झाली.

"ब्याड," ती कानडीत पुटपुटली. "नको गं. मला न्हाय जमायचं."

अर्धांगाच्या झटक्यानंतर ती पहिल्यांदाच घराबाहेर पडली होती. पाय सावरला होता, पण उजव्या हाताची बोटं मिटली ती मिटलीच. दवाखान्यात हात सुजला तेव्हा त्यातल्या बांगड्या कापून काढाव्या लागल्या होत्या. तेव्हापासून तो ओकाबोका हात ती शालीखाली ठेवायची. आईला जरा बरं वाटावं म्हणून श्रीदेवी रजा काढून पुण्याहून आली होती, आणि आता तिचाच चेहरा पडला होता.

"चल," विरुपाक्ष बायकोला म्हणाला. "ह्या मॉलच्या मागं पेठ, पुढं किल्ल्याची बाग, लई बघण्यासारखं हाय म्हणतात. मी पण बघितलं न्हाय."

"अप्पा, आख्खा जन्म तुमचा नवी पेठेत गेला की!"

"दुकानात गेला. गादीवरनं काय दिसतंय? गिऱ्हाइकांच्या चपला."

सुंदरम्माला हसू आलं. साड्यांच्या दुकानात दिवसभर घड्या मोडून आणि पुन्हा घालून हा माणूस घरी यायचा, आणि जेवताना पेठेतल्या गमती सांगायचा. तिची नवी पेठ तेवढीच. आता तो तिला प्रत्यक्ष पेठ दाखवायला निघाला, आणि दुसऱ्याच बोळात रस्ता चुकला. एका चहावाल्याला विचारलं, त्याने दाखवलेल्या दिशेने गेले, तर पुन्हा त्याच चहावाल्यासमोर आले. विरुपाक्ष कानकोंडा झाला. सुंदरम्मा मात्र पोट धरून हसली. असं ती कित्येक महिन्यांत हसली नव्हती.

पुढच्या वळणावर बांगड्यांचं एक चिंचोळं दुकान होतं. दारातूनच कासारणीने हाक मारली, "या अक्का, टेका जरा. दमलाय." फुलाबाई तिचं नाव, शेजारचा पानवाला तिला त्याच नावाने काहीतरी विचारत होता.

सुंदरम्मा टेकली. समोर हिरव्या बांगड्यांचे तोडे टांगलेले होते. तिने न राहवून डावा हात पुढे केला. फुलाबाईने तो भरला.

"आन् दुसरा?"

"मावशी, तिचा तो हात..." श्रीदेवी घाईने म्हणाली. विरुपाक्ष रस्त्याकडे बघू लागला.

सुंदरम्माने शाल बाजूला केली आणि हात काढून पुढे ठेवला.

फुलाबाई हळहळली नाही. तिने हात मांडीवर घेतला, साबणाचं पाणी लावलं आणि एकेक बोट चोळत, सैल करत स्वतःच्या सुनेच्या तक्रारी सुरू केल्या. सून चहात आलं घालत नाही, मोबाईल सोडत नाही. बोलता बोलता तिने हाताचा पंजा अलगद दाबून निमुळता केला. पहिली बांगडी अंगठ्याच्या सांध्याशी अडली आणि कट्‌कन आवाज झाला.

सुंदरम्माने हात मागे ओढला. "साकु," ती म्हणाली. "पुरे."

"वाढली एक. वाढू दे की!" फुलाबाईने काचा गोळा केल्या. "धाकट्या पोरींच्या हातात पण वाढतात. द्या हिकडं. दुखतंय?"

"न्हाय," सुंदरम्मा खोटंच बोलली आणि हात परत दिला.

पुढची बांगडी गेली. मग आणखी एक. सगळ्या भरून झाल्या तेव्हा फुलाबाईच्या कपाळावर घाम होता. सुंदरम्माने मनगट जरासं हलवलं. किणकिण झाली. श्रीदेवीने तोंड फिरवून डोळे पुसले. विरुपाक्षने मात्र दुकानदारी नजरेने निरखून पाहिलं.

"रंग झकास हाय," तो म्हणाला.

बांगड्या भरून झाल्या की कासाराला नमस्कार करायची रीत. सुंदरम्माने डाव्या हाताने उजवा जवळ आणला, जमतील तसे हात जोडले आणि वाकली.

"सुखी ऱ्हावा अक्का," फुलाबाई म्हणाली, आणि किल्ल्याचा रस्ताही तिनेच नीट सांगितला.

किल्ल्यातल्या बागेत तटाजवळ एक बाक सापडला. खाली तळं, तळ्यात सिद्धेश्वराचं देऊळ. गड्ड्याच्या जत्रेला ती दरवर्षी तिथे गेली होती, पण ते देऊळ असं, वरून, पाण्यावर शांत टेकलेलं तिने कधी पाहिलं नव्हतं. देवाकडे काही मागायचं तिच्या मनातच आलं नाही. 'दिलंस की रे,' एवढंच ती मनात म्हणाली.

वळून पाहिलं तर विरुपाक्षला डोळा लागला होता. आजारपणात रात्र रात्र उशाशी जागलेला माणूस, मान छातीवर टाकून गाढ झोपला होता. श्रीदेवी त्याला हलवणार, तेवढ्यात सुंदरम्माने डोळ्यांनीच तिला थांबवलं.

ऊन तटावरून उतरलं. लोक निघू लागले. बाग बंद करायला रखवालदार शिट्टी फुंकत बाकापर्यंत आला. सुंदरम्माने ओठांवर बोट ठेवलं. त्याने झोपलेल्या म्हाताऱ्याकडे पाहिलं, शिट्टी खिशात टाकली आणि आधी पलीकडची बाजू रिकामी करायला निघून गेला.