भिंतीपल्याडचा बंब

लॉकडाऊन लागला आणि बेळगावच्या हवेला कुणीतरी घासूनपुसून आंघोळ घातल्यासारखं झालं. गच्चीवरून राजहंसगड असा लख्ख दिसायला लागला, की हात लांबवला तर तटाला बोट लागेल! रस्त्यावर रिक्षा नाही, उद्यमबागेतल्या लोखंड ओतायच्या फाउंड्र्या गपगार. हे सगळं कुणाला दाखवू नि कुणाला नको, असं उपासनाला झालं होतं. पोटात बडबड मावत नव्हती आणि ऐकायला घरात एकटे आप्पा. मम्मी, म्हणजे अंजना सिस्टर, निपाणीच्या पुढं कोगनोळी नाक्यावर, महाराष्ट्रातून येणाऱ्यांचा ताप बघत उभी. घरी यायची सोय नाही. फोनवर काय ती भेट.

आप्पांना, म्हणजे देवाप्पांना, फाउंड्रीतल्या नोकरीनं पगारासोबत दमाही दिला होता. बंद सुरू झाल्यावर त्यांचा श्वास इतका मोकळा झाला, की ते म्हणाले, "बघ गं, सरकारनं माझ्यासाठीच सगळं बंद केलंय." आणि मग एका सकाळी छाती पुन्हा शिट्ट्या मारायला लागली. दुसऱ्या सकाळी जास्तच.

"ताप हाय का?" फोनवर मम्मीनं विचारलं.

"न्हाय गं. आक्सिजन पण बरा दाखवतोय."

"उद्यापर्यंत बघतो. कमी न्हाय झालं तर गाडी पाठवतो, ॲडमिट करूया. तू एकटी ऱ्हाशील न्हवं?"

"ऱ्हातो की!" उपासना तोऱ्यात म्हणाली. फोन ठेवला आणि घर तिला लग्न उरकल्यावरच्या कार्यालयाएवढं मोठं वाटलं.

बोलायला आणखी एकच माणूस होतं, भिंतीपल्याडच्या मंगलकाकू. त्यांचा रविराज बेंगळुरात अडकलेला, त्यामुळं त्याही एकट्याच. त्यांच्या परसातला पाणी तापवायचा तांब्याचा बंब हल्ली विझतच नसे. दूध आणलं की आंघोळ, भाजी आणली की आंघोळ, वर गुळण्या, वर वाफ. घंटागाडी यायची बंद झाली तसा दोन्ही घरांचा व्यवहार ठरला. उपासनानं भिंतीवरून कचऱ्याची पिशवी द्यायची, काकूंनी तो कचरा जळण म्हणून बंबात घालायचा आणि कढत पाण्याची बादली परत द्यायची. पिशवीमागं गप्पा, बादलीमागं गप्पा.

"काय गं पोरी, आज भाजीच शिजवलीस का आप्पालाच शिजवलीस?"

काकूंचा असा आवाज आला की उपासनाचा दिवस उगवायचा.

पण हवा एवढी स्वच्छ, तर आप्पांना होतंय काय? विज्ञान प्रदर्शनात बक्षीस मारलेलं डोकं गप्प कसं बसेल! तिनं शाळेचे दोन पांढरे रुमाल खोबरेल तेलात बुडवून पिळले. एक रस्त्याच्या बाजूला बांधला, दुसरा परसाच्या खिडकीला, आप्पांच्या उशाशी.

दुसऱ्या दिवशी पाहिलं तर रस्त्याकडचा रुमाल जवळजवळ कोरा. परसाकडच्या रुमालावरही थर पातळच होता, पण काळा, चिकट, आणि नाकाशी नेला तर जळक्या प्लॅस्टिकचा असा भपकारा, की घसा धरला. बंदमुळं रस्त्याची पोतंभर धूळ गेली होती आणि इथल्या चिमूटभरात सगळं विष गोळा झालं होतं. दुधाच्या पिशव्या, सॅनिटायझरच्या बाटल्या, वापरलेले मास्क, तुटकी चप्पल... सगळं तिनंच तर हौसेनं भिंतीवरून दिलेलं!

आत आप्पा उशीला टेकून धापा टाकत होते. काकूंना सांगावं तर त्या दुखावणार. न सांगावं तर गाडी येणार.

"काकू, बंबात प्लॅस्टिक नका ओ घालू."

"मग कचरा काय डोक्यावर घेऊ? जंतू जळत्यात त्यात."

"जंतू जळत्यात, पर धूर आप्पांच्या छातीत बसतोय. हे बघा." तिनं रुमाल भिंतीवर ठेवला.

काकूंनी तो उचलला, हुंगला, तसाच परत ठेवला. "म्हणजे तुझ्या आप्पाला मी मारायला लागलोय. सरळ म्हण की."

"तसं न्हाय ओ! पिशव्या तर मीच दिल्या."

"व्हय. तूच दिलीस. आन् रुमाल मला दाखवतीस."

बंबातल्या विस्तवावर पाणी ओतल्याचा चर्रर्र आवाज आला. मग दार लागलं.

त्यानंतरच्या सकाळी परसात धूर नव्हता. आप्पा चक्क आडवे होऊन झोपले होते, छातीतली शिट्टी कान लावून ऐकावी इतकी बारीक.

"गाडी पाठवू का गं?" मम्मीचा फोन.

"नको मम्मी. कमी हाय."

आप्पा जागे झाले. "मंगल आज ओरडली न्हाय ती?"

"कामात असतील," उपासना म्हणाली आणि ताटली घेऊन परसात गेली.

"काकू! आज मी पोहे केलोय!"

पलीकडं बादली वाजली. पावलं भिंतीजवळ येऊन थांबली.

उपासना थोडा वेळ टाचा उंचावून उभी राहिली. मग भिंतीलाच पाठ टेकून खाली बसली आणि पोह्यांत काय काय घातलंय ते मोठमोठ्यानं सांगायला लागली.