दोन शांतता ओळखणारा बाक

मित्रांनो, मी ओकच्या लाकडाचा जुना बाक, यॉर्कशायरच्या एका सुताराने घडवलेला. माझी पहिली चाळीस वर्षं क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींच्या प्रार्थनाघरात गेली. तिथे पाद्री नव्हता, वाद्य नव्हतं. सगळे शांत बसायचे. कुणाच्या मनात काही उमललं, तरच बोलायचं. काही ठरवायचं असलं, तरी मतासाठी हात मोजणं नाही. कुणी हरकत घेतली नाही, की ठरलं. त्या शांततेत माणसांचा भार माझ्यावर अलगद उतरायचा, कुरणावर सांज उतरावी तसा.

पुढे त्याच पंथाच्या जोसाया रॅम्सडेन यांनी मला आपल्या चॉकलेटच्या कारखान्यात आणलं. गाडीतून उतरवताना टवका उडून माझा एक पाय जरासा आखूड झाला. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. कामगारांनी निवडून दिलेल्या माणसांची दर मंगळवारी सभा भरे, आणि मालकही त्यांच्यासोबत माझ्यावरच बसत. मला त्याचा केवढा अभिमान!

एका मंगळवारी ते म्हणाले, "नव्या यंत्राला जागा हवी. वेष्टनखात्यातली स्टुलं काढावी म्हणतो. विचार करू या."

सगळे गप्प. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "हरकत दिसत नाही. ठरलं तर."

पण टोकाला वेष्टनखात्याची हेस्टर मिडग्ले बसली होती. चौदा वर्षं चॉकलेटं गुंडाळून तिचे पाय सुजले होते. तिचे गुडघे इतके थरथरत होते, की माझा आखूड पाय फरशीवर टकटक वाजू लागला.

युनियनच्या डोरा क्लेगने ते ऐकलं. "थांबा, साहेब."

"नुसतं जोसाया म्हण, डोरा. आमच्यात साहेब नसतो."

"तुमच्यात नसेल. कामावरून काढायचं तुमच्याच हातात ना? तुमच्या प्रार्थनेत गप्प म्हणजे होकार. आमच्या खात्यात गप्प म्हणजे भीती. हेस्टर, बोल गं. बाकसुद्धा बोलायला लागला, तू काय तोंडात टॉफी धरून बसलीस?"

हेस्टरला हसू आलं, आणि हसता हसता धीरही. "दिवसभर उभं नाही राहवायचं, साहेब. आत्ताच संध्याकाळी बुटातून पाय निघत नाही."

जोसाया हेस्टरकडे वळले. मग म्हणाले, "माझं ऐकण्यात चुकलं. हात वर करून विचारू या."

स्टुलं राहिली. शेवटचा हात त्यांचाच वर गेला. यंत्र पलीकडच्या भिंतीला लागलं, आणि त्या दिवसापासून प्रत्येक सभेत शांततेनंतर एकेकाला नाव घेऊन विचारायची रीत पडली.

माझा पाय नीट करायला सुतार आला, तेव्हा डोरा म्हणाली, "तो पाय राहू दे. आमच्या युनियनचा जुना सभासद आहे."

आता मी जेवणघराच्या दाराशी सुखात असतो. मित्रांनो, माझी धूळ पुसा, मला तेल लावा. पण तो आखूड पाय तेवढा नीट करू नका. आणि शेजारचं माणूस गप्प असेल, तर त्याचा होकार धरण्याआधी त्याला एकदा विचारा.