यादीतली एकेचाळीस नावं

"उडवा मावशी, हात का अडखळतोय? नावंच आहेत, माणसं नाहीत," साहेब म्हणाला, आणि खोलीतली सातही पोरं फिदीफिदी हसली.

मावशी ही तिथली सर्वांत जुनी प्रोग्रॅमर. एकोणीस वर्षं तिनं एकच काम जिवापाड सांभाळलं होतं: लायब्ररीची यादी. ही लायब्ररी पुस्तकांची नव्हे, औषधाचं प्रमाण मोजणाऱ्या कोडची. शेकडो दवाखान्यांतले प्रोग्रॅम यादीतलं एखादं नाव घेऊन हाक मारत आणि लायब्ररी उत्तर देई. नाव गायब झालं, की तो प्रोग्रॅम सुरूच होत नसे. म्हणून मावशीचा हट्ट होता, एकदा यादीत आलेलं नाव काढायचं नाही.

"आपला सगळा कोड चाळला. या एकेचाळीस नावांना कुणी विचारत नाही," साहेब म्हणाला.

"आपल्या कोडात नाही रे. बाहेरच्यांचे दहा-दहा वर्षांचे प्रोग्रॅम आहेत, ते आपल्याला कुठे दिसतात?"

"बाहेरचे कोण? एकाचं नाव सांगा."

तिला सांगता येईना. ते कळत नाही, म्हणून तर काढायचं नसतं!

"वर्षभर ठेवू. कुणी हाक मारली तर नोंद होईल, अशी सोय करते. मग बघू."

"वर्षभर? आठ महिन्यांत तर तुम्ही निवृत्त होताय." परत खसखस.

"मग मला लेखी दे."

साहेबानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. त्याला कोडची पहिली ओळ लिहायला तिनंच शिकवलं होतं. "आपल्यात लेखी कसलं, मावशी?"

तिथंच ती विरघळली. एकेक नाव पुसत गेली, आणि पोरं दर नावाला एका सुरात "गेऽऽलं" म्हणत राहिली.

दोन दिवसांनी नवी लायब्ररी सगळीकडे पोचली. सकाळी नऊलाच फोन खणखणू लागले. तीस दवाखान्यांतली औषध सोडणारी यंत्रं बंद, पेशंट सुया टोचून घेऊन ताटकळलेले. मोठे साहेब तरातरा खाली आले.

"हे कुणी केलं?"

"बदलावर सही मावशींची आहे," साहेब शांतपणे म्हणाला. "मी बजावलं होतं, नीट तपासा म्हणून."

मावशीनं शेजारच्या पोरीकडे पाहिलं. "तू सांग ना गं. तू इथंच होतीस."

"माझ्या कानात हेडफोन होते, मावशी." पोरीनं मान वर केली नाही. बाकीच्यांनीही आपापल्या पडद्यांत डोकं खुपसलं.

"नावं परत घाला, कार्ड जमा करा आणि घरी जा," मोठे साहेब म्हणाले.

खुर्ची ढकलून तिला तसंच उठता आलं असतं. पण तिकडे पेशंट खोळंबले होते. ती बसली. कागद न बघता तिनं एकेचाळीस नावं लिहिली, ज्याची त्याची जागा न चुकवता. तासाभरात फोन थंडावले.

"वाचवलंत, साहेब," कुणीतरी म्हणालं आणि टाळ्या पडल्या. साहेब लाजला.

मावशीनं कार्ड टेबलावर ठेवलं, डबा पिशवीत घातला आणि दारापाशी गेली. ते काचेचं दार आतूनही कार्डाशिवाय उघडत नसे.

"कुणी दार उघडता का रे?" तिनं हळूच विचारलं.

टाळ्या अजून चालू होत्या. ती पिशवी धरून काचेकडे तोंड करून उभी राहिली.