कढत अळणी

ताईच्या दुधाचा नमुना लावलेल्या काचेच्या बशीत पुन्हा तेच उगवलं होतं: पिवळट, चकचकीत ठिपके. पू करणारे जंतू. ज्यांची मी वाट पाहत होते ते कुठेच नव्हते.

लुगो शहरातल्या प्रयोगशाळेत मी बाळंतिणींच्या दुधाचेच नमुने तपासते. सबेला माझी मोठी बहीण. बाळंतपणानंतर तिचा उजवा स्तन सारखा सुजायचा. औषधानं सूज उतरे, परत येई. शेवटी डॉक्टरांनी प्रोबायोटिक दिलं: उपकारक जिवाणूंची पूड, रोज एक पुडी. ते दुधापर्यंत जिवंत पोचले, तर पुवाच्या जंतूंना कदाचित जागा उरणार नव्हती.

"आता चिरा द्यावा लागला तर मी पाजणं सोडणार," ताई म्हणाली होती. "आणखी नाही सोसवत गं."

"पुडी रोज घेतेस ना?"

"सासूबाई स्वतः देतात. एकदाही विसरल्या नाहीत."

दुपारी मी तिच्या घरी गेले. तिच्या सासूबाई, ओब्दुलिया मावशी, कोंबडीचं अळणी, बिनमसाल्याचं कढण, वाडग्यात ओतत होत्या.

"ये गं. प्रयोगशाळेत जंतूच जेवतात वाटतं? तू नुसती काडी!"

बोलता बोलता त्यांनी पुडी फाडून वाडग्यात रिकामी केली. वाफेनं माझा चष्मा धुरकटला.

"मावशी, यातच घालता?"

"मग काय पाण्यात? बाळंतिणीच्या पोटात थंड घालू?"

"पाकिटावर 'कोमट' लिहिलंय."

"आमच्याकडं यालाच कोमट म्हणतात. जीभ पोळली नाही तर ते अळणी कसलं!"

"यात ते जिवाणू मरतात, मावशी."

त्यांचा चमचा थांबला. "सगळे? आणि ते तळाशी बसू नयेत म्हणून मी ढवळत होते."

मी हात लावून पाहिलं, तर ताईच्या लाल स्तनावर एक जागा मऊ लागत होती. आत पू धरला होता. दवाखान्यात डॉक्टरांनी चिरा देऊन पू काढला. ताईनं दूध आटवायची गोळी मागून घेतली.

"पुडी गार पाण्यातून घेतली असती तर दूध वाचलं असतं?" घरी आल्यावर तिनं विचारलं. स्वयंपाकघराचं दार उघडंच होतं, आत मावशी होत्या.

अशा पुडीनं काहींना गुण येतो, काहींना नाही. एका बाईवरून काहीच सिद्ध होत नाही.

"नसतं वाचलं," मी मोठ्यानं म्हणाले.



आता बाळाची बाटली मावशी भरतात. मनगटावर थेंब टाकतात, पुन्हा टाकतात, खिडकीत ठेवून देतात. दूध पार गारठतं तेव्हा कुठे त्यांचा विश्वास बसतो. बाळ तोंड फिरवतं.