मागच्या रांगेतला विरू

लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात जगदेवी उदगीरला आली ती सत्कारासाठी. हैदराबादच्या प्रयोगशाळेत पेशींवर काम करून तिनं डॉक्टरेट मिळवली होती, आणि लिंगायत मंडळानं मंगल कार्यालयात तिचं भाषण ठेवलं होतं. धाकटी बहीण महानंदा उदगीरातच दिलेली, म्हणून ती तिच्याकडेच उतरली. महानंदाचा नवरा वीरण्णा मोंढ्यात अडत चालवायचा आणि उरलेला सगळा वेळ उदगीर जिल्हा व्हावा म्हणून मोर्चे, निवेदनं यात घालवायचा.

दारातच महानंदाचा चार वर्षांचा विरूपाक्ष येऊन बिलगला. त्याच्या कोपरांवर, मानेवर खपल्या होत्या, एका कानातून पू येत होता. जगदेवीनं त्याला हळूच बाजूला केलं.

"महानंदा, पाणी कमी आहे हे कळतं गं. पण लेकराचं अंग तरी ओल्या फडक्यानं पुसावं की."

"रोज पुसते, अक्का. जातच न्हाई ते."

"नीट पुसत नसशील."

महानंदानं विरूला कडेवर घेतलं. दुसऱ्या दिवशी निघताना विरूनं मावशीशेजारी बसायचा हट्ट धरला. पुढच्या खुर्च्यांवर पाहुणे बसणार, फोटो निघणार. जगदेवीनं बहिणीला बाजूला घेतलं. "याला घेऊन जरा मागं बस. कानाला वास येतो."

भाषण रंगलं. तिला मराठीत सांगायची आवड होती.

"पेशी म्हणजे नुसती पाण्यानं भरलेली पिशवी नव्हे," ती म्हणाली. "तिच्या आत धाग्यांचा सांगाडा असतो. आपल्या हाडांसारखा कायमचा नाही. तो घडोघडी मोडतो आणि पुन्हा बांधला जातो. रक्तातल्या मारेकरी पेशीला रोगट पेशी भेटली की ती तिला घट्ट धरते. ती धरायची ताकद या धाग्यांची. मग आतल्या विषाच्या पुड्या बारीक नळ्यांवरून ओढून त्या बाजूला आणल्या जातात आणि दोघींच्या मधल्या फटीतच रिकाम्या होतात. शेजारच्या चांगल्या पेशीला धक्का लागत नाही. पेशी एकमेकींशी बोलतात त्याही अशाच, अंगाला अंग भिडवून."

टाळ्या पडल्या. कॉलेजात जीवशास्त्र शिकवणारे गुरुपादप्पा उठले. "मॅडम, हा सांगाडाच नीट बांधला गेला नाही तर?"

प्रश्न तिच्या आवडीचा होता. "काही मुलग्यांमध्ये तो बांधणारं एक प्रथिन जन्मतःच बिघडलेलं असतं. पेशी शत्रूपर्यंत पोचते, पण तिला त्याला धड धरता येत नाही. अशा मुलांचे कान सारखे वाहतात. अंगावर इसब उठतो, काही केल्या जात नाही. जरा लागलं की काळंनिळं..."

तिची जीभ अडखळली. हॉलच्या टोकाला, दारापाशी महानंदा बसली होती. विरू तिच्या मांडीवर झोपला होता आणि त्याच्या पोटरीवरचे डाग इतक्या लांबूनही दिसत होते. काल तिला ते पडून झालेले वाटले होते.

"असे आजार फार दुर्मीळ असतात," जगदेवी म्हणाली आणि पुढचं चित्र लावलं.

तिचं अडखळणं कुणाच्या ध्यानात आलं नाही. शाल आली, हार आले. संध्याकाळी घरी पाहुण्यांची पंगत बसली. महानंदाची सासू गंगम्मा ज्याला त्याला सांगत होती, "आमच्या सुनेची बहीण हाय ही." जगदेवीचं लक्ष आत झोपलेल्या विरूकडे होतं. हा आजार आईकडून मुलाकडे येतो. त्याचं नाव उच्चारलं की या घरात महानंदाचं काय होईल? असं ती मनाला सांगत होती खरी. पण खरं कारण वेगळं होतं, आणि ते तिलाही ठाऊक होतं. सांगायचं म्हणजे काल काय बोललो तेही आठवावं लागणार होतं. सकाळी बघू, असं म्हणून ती उठली.

सकाळी विरूच्या नाकातून रक्त सुरू झालं आणि थांबेचना. महानंदा त्याचं नाक दाबून बसली होती. तिनं मान वर केली.

"काल सभेत सांगत होतीस, त्येच हाय ना हे?"

जगदेवीनं होकारार्थी मान हलवली.

"मला तिथंच कळलं, अक्का. एकेक बोलत होतीस तसं मी याच्या अंगावर बघत होते. रातच्याला पाहुणे गेले की तू सांगशील म्हणून मी वाट बघून राहिले."

जगदेवीला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. कालच्या हारातली एक पाकळी अजून तिच्या केसांत होती. ती तिनं चोरासारखी काढून टाकली.

वीरण्णानं जीप आणली. लातूरला पोचेपर्यंत तो एकच बोलत होता, "जिल्हा झाला असता तर उदगीरातच मोठा दवाखाना असता." एरवी हे ऐकून जगदेवी हसली असती. डॉक्टरांनी रक्त थांबवलं, तपासलं. रक्त गोठवणाऱ्या चपट्या पेशी फारच कमी, आणि होत्या त्याही नेहमीपेक्षा लहान. पुढची तपासणी जगदेवीनं हैदराबादला करवली. शंका खरी निघाली.

गंगम्माला कळलं तेव्हा ती सुनेकडे वळली. "तुझ्याच रक्तात खोट व्हती तर!"

या वेळी जगदेवी गप्प बसली नाही. "मावशी, खोट म्हणायची तर आमच्या माहेरची. माझ्यातही असू शकते. लग्न करून मला मुलगा झाला असता तर कदाचित त्यालाही हेच झालं असतं. हिचा यात काडीचा दोष नाही. आणि मला या विषयातलं सगळं येत होतं, तरी मी याला घाणेरडा म्हणून मागं बसवलं." बोलताना तिचे कान तापले. बातमी कळून आलेली दोघी बहिणींची आई पार्वतम्मा कोपऱ्यात डोळे पुसत होती. तिचा एक भाऊ असाच कान फुटून, रक्त जाऊन लहानपणीच गेला होता, आणि घरात त्याचं नाव कुणी काढत नसे.

उपाय एकच होता: दुसऱ्याची अस्थिमज्जा. विरूची थोरली बहीण भाग्यश्री हिची मज्जा जुळली. दक्षिणेतल्या मोठ्या रुग्णालयात मज्जारोपण झालं. जगदेवी रजा टाकून तिथं राहिली. काचेपलीकडे विरू, अलीकडे दोघी बहिणी. ताप आले, गेले, आणि हळूहळू नवं रक्त धरलं.

एका दुपारी जगदेवीनं बहिणीचा हात धरला. "महानंदा, मला माफ कर गं."

महानंदानं हात सोडवला नाही. ती काचेकडे बघत होती.

"तुझ्यामुळंच कळलं, अक्का. ते मी जन्मात विसरणार न्हाई," ती म्हणाली. "पण त्या दिवशी तू त्याला ढकललंस, तवा मलाबी त्याची लाज वाटली होती. माझ्या लेकराची. ते कुठं ठेवू?"

परिचारिकेनं आतून खूण केली, विरू जागा झाला होता. महानंदा तोंडाला मास्क बांधून आत गेली, आणि जगदेवी बाहेरच उभी राहिली.