दोरीवरचा दिवा

हान्को बंदराच्या किनाऱ्यापासून समुद्रात बऱ्याच आत, थंडगार पाण्याच्या तळाशी, युद्धात बुडालेलं एक जहाज होतं आणि आऊलिस हल्ली तिथे एकटाच उतरत असे. बुड्यांमधला जोडीदार हान्नेसने लग्न करून दूरचं ओउलू शहर गाठलं, बुड्या सोडल्या, तेव्हापासून आऊलिसशी बोलणारी उरली ती बोटवाली म्हातारी सिर्का. तीही बहुधा वाऱ्याला शिव्या देण्यापुरतीच.

"एकट्याने उतरणं म्हणजे निव्वळ आडमुठेपणा," ती त्या सकाळी म्हणाली.

"मग तू चल."

"मला मासे खायला आवडतात रे, त्यांना खाऊ घालायला नाही."

खाली जहाज एका अंगावर कलंडून पडलं होतं. आऊलिसने सवयीने हातातला दिवा गोल फिरवला. 'ठीक आहेस ना?' असं हान्नेसला विचारायची ती खूण. एका फुटक्या खिडकीआड तसंच वर्तुळ फिरलं, सावकाश. आपल्याच दिव्याचं प्रतिबिंब काचेत दिसलं असेल, म्हणून त्याने दिवा छातीशी झाकला. आतलं वर्तुळ फिरतच राहिलं.

तो वर निघाला. पण एवढ्या खोलातून एकदम वर येता येत नाही. अंगात मुरलेला वायू निघून जाईपर्यंत बोटीपासून तळापर्यंत सोडलेली दोरी धरून टप्प्याटप्प्याने थांबावं लागतं, नाहीतर माणूस जिवाला मुकतो. पहिल्या थांब्यावर त्याने खाली पाहिलं. काळोखात, त्याच दोरीवर, उजेडाचा ठिपका होता. तो वर सरके, थांबे, बराच वेळ थांबे, पुन्हा सरके. जो कोणी होता, त्याला जगायचं होतं.

आऊलिसला पळायला वाट नव्हती. तेवढ्यात ठिपका पुन्हा गोल फिरला. ठीक आहेस ना? असं त्याला कित्येक महिन्यांत कोणी विचारलं नव्हतं. त्याचा हात आपसूक उचलला गेला आणि त्याने उत्तर दिलं.

उरलेले थांबे उरकून तो वर आला तेव्हा सिर्काने त्याला बोटीत ओढलं, इंजिन चालू केलं आणि ती दोरी सोडायला वाकली.

"थांब. अजून एक जण यायचाय."

"हान्नेस? अरे, काल तर ओउलूहून फोन होता त्याचा."

"हान्नेस नाही."

"मग कोण?"

"माहीत नाही. घाई करू नकोस, त्याचे थांबे व्हायचेत."

हसत हसत तिने दोरीला हात लावला, खालून तिला हलके हिसके बसत होते, आणि तिचं हसू मावळलं. थोड्या वेळाने तिने इंजिन बंद केलं, ती बाकावर येऊन बसली, आणि मग एका माणसाची जागा होईल एवढी बाजूला सरकली.